‘पोरगी घरी बसवली व्हय?’ : वस्तीवरच्या एका घरशाळेचा दिनक्रम आणि दाखल्याचं गणित

सांगोला : सकाळचे साडेसात. डाळिंबाच्या बागेकडं तोंड करून असलेल्या पत्र्याच्या पडवीत एक पोरगी पाटीवर हिशोब मांडून बसलेली असते. वय बारा पूर्ण. आतून आजीचा आवाज येतो, शेळ्या सोडायच्या राहिल्यात म्हणून. पोरगी मान वर करत नाही. तिची आई हातातली भाकरी तव्यावर टाकून स्वतः बाहेर येते, शेळ्या सोडते आणि परत चुलीपाशी जाऊन बसते. पडवीच्या खांबावर खडूनं लिहिलंय : ‘साडेसात ते दहा कुणी हाक मारायची नाही.’

या घरातली मुलगी शाळेत जात नाही. जून २०२३ पासून ती घरीच शिकते. शहरात याला होमस्कूलिंग म्हणतात. गावाकडं याला नाव नाही. असलंच तर एकच वाक्य आहे, ‘पोरगी घरी बसवली.’ आणि घरी बसवलेल्या पोरीचं पुढं काय होतं हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायची गरज नाही. म्हणूनच हे घर काय करतं, कसं करतं आणि कायद्यानं ते कुठं बसतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कुटुंबाच्या विनंतीवरून नावं आणि वस्ती इथं दिलेली नाही.

सुरुवात कशी झाली

घरात पाच माणसं. आजी, नवराबायको, मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ. चार एकर रान, त्यात एक एकर डाळिंब, बाकी ज्वारी, मका, थोडं कडवळ. वडील बारावी. आई डी.एड. झालेली. भरतीची वाट बघण्यात तिची सात-आठ वर्षं गेली, मग शिलाई मशीन घेतली. तालुक्यात अशा डी.एड. झालेल्या सुना घरोघरी सापडतील.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी पहिलीत होती. मोबाईलवर अभ्यास यायचा, पण वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तरच. तेव्हा आईनंच पुस्तक हातात घेतलं. डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले आणि मुलगी वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत परत गेली, तेव्हा ती वर्गातल्या इतर पोरांच्या पुढं होती. वर्ग दोन, शिक्षक एक. गुरुजींनी तिला धाकट्यांना शिकवायला बसवलं. त्यात गुरुजींचा दोष नव्हता. ती चौथी तिथंच झाली.

पाचवीला तीन किलोमीटरवर गावात जायचं होतं. एसटी वेळेवर नाही, रस्ता उसाच्या रानातून. पण आईवडील सांगतात ते कारण रस्त्याचं नाही. आईच्या शब्दांत : “पाचवीत जाऊन ती पुन्हा वर्षभर दुसऱ्यांची वाट बघत बसणार. मला येतं ते मी हिला दिलं नाही तर माझं डी.एड. कशाला झालं?” या वाक्यात पोरीपेक्षा आईचीच सल जास्त आहे असं कुणी म्हणेल. ती स्वतःही ते नाकारत नाही.

धाकटा भाऊ मात्र वस्तीवरच्या शाळेतच तिसरीत आहे. त्याला शाळा आवडते, तिथली पोरं आवडतात, खिचडी आवडते. त्याला काढायचा विचारही कुणी केला नाही. आणि इथंच लोकांचा संशय सुरू होतो. पोरगा शाळेत, पोरगी घरात. चित्र तर तेच जुनं दिसतं.

पहिलं वर्ष फसलं

पहिले सहा महिने आईनं घरात शाळाच भरवली. पस्तीस मिनिटांचे तास, ताटावर पळी मारून घंटा, वहीवर शेरे. मुलगी रडायला लागली. शाळेत निदान मधली सुट्टी असते आणि शेजारी मैत्रीण असते. इथं समोर आई, मागं आजी. दिवाळीनंतर आईनं सगळं सोडून दिलं. शहरातले पालक व्हिडिओत सांगतात तसं, मुलाला मोकळं सोडा, ते आपोआप शिकतं. दोन महिने मुलगी मोकळी होती. ती शेळ्यांमागं गेली, मोबाईल बघितला, आजीबरोबर शेंगा फोडल्या. आपोआप काही शिकली नाही. उलट आजीला, चुलतीला एक रिकामा हात मिळाला. पाणी आण, भांडी घास, बाळाला घे.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. घरात रिकामी दिसणारी पोरगी म्हणजे कामाला मोकळी पोरगी, एवढंच. जानेवारीत एक दिवस आईनं वही उघडली तर शेवटची तारीख नोव्हेंबरची होती. खांबावरचं ते वाक्य त्या दिवशी लिहिलं गेलं.

आता अडीच तास पक्के. त्यात मराठी वाचन, गणित आणि एक दिवसाआड इंग्रजी किंवा विज्ञान. पुस्तकं बालभारतीचीच. ती बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, हे अजून बऱ्याच घरांना माहीत नाही. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर चालतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही मोबाईलवर वाचायला मिळतात. मुलीचं वाचन वाढलं ते पाठ्यपुस्तकापेक्षा त्या जुन्या अंकांनी, असं आई सांगते. महिन्याचा रिचार्ज घरात होताच. वेगळा खर्च म्हणजे वह्या, एक शब्दकोश आणि भूमितीची पेटी.

खरा खर्च दुसरा आहे. आईची सकाळ. शिलाईचं काम सकाळच्या उजेडात होतं, ते आता दुपारवर गेलंय. लग्नसराईत येणारी ब्लाऊजची कामं निम्म्यावर आली. घरशाळा फुकट असते असं जे सांगतात त्यांनी घरातल्या बाईच्या वेळेचा दर लावलेला नसतो.

बागेतला अभ्यास

दहानंतर जे चालतं त्याला हे घर अभ्यास म्हणतं, शेजारी काम म्हणतात. दोघांचंही थोडं खरं आहे.

एक उदाहरण. एकरात डाळिंबाची झाडं किती बसतात? एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लागण पंधरा बाय दहा फुटांवर, म्हणजे एका झाडाला दीडशे चौरस फूट. भागाकार केला की २९० येतात. मुलीनं बागेत फिरून मोजली तर २७४ भरली. बाकीची सोळा कुठं गेली? ते शोधायला तिला चार दिवस लागले. बांधाच्या कडेला सोडलेली जागा, पाइपलाइनची पट्टी, आणि मर होऊन गेलेली सहा झाडं. हा नकाशा तिनं वहीत काढलाय, मेलेल्या झाडांवर फुली मारून. वडिलांनी तो आता ठिबकची नळी दुरुस्त करताना वापरला. प्रत्येक झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला आठ लिटर. २७४ झाडांना तासाला २,१९२ लिटर. विहिरीला पाणी कमी झालं की मोटर किती वेळ चालवायची हे तिला तोंडपाठ आहे.

बोर्डो मिश्रणाचंही तसंच. एक टक्का म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मग वीस लिटरला किती? दोनशे-दोनशे ग्रॅम. टक्केवारी तिथं कळली. मिश्रण तयार झालं की वडील त्यात स्वच्छ लोखंडी विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय असं समजायचं. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे करतो. थर तांबूस का येतो, हे मात्र मुलीनं विचारलं आणि आईला सांगता आलं नाही. मग दोघींनी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उतरवून घेतलं. लोखंड मोरचुदातल्या तांब्याची जागा घेतं आणि तांबं विळ्यावर बसतं. विस्थापन अभिक्रिया म्हणतात तिला. फवारणीच्या दिवशी बागेत जायला मात्र मुलीला बंदी आहे, आणि ती बंदी खांबावरच्या वाक्यापेक्षा कडक पाळली जाते.

सगळंच गोड आहे असं नाही. मागच्या मृग बहाराच्या तोडणीला मालाची पट्टी आली तेव्हा मुलीनं हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून हिशोब केला आणि व्यापाऱ्यानं वजन मारल्याचं जाहीर केलं. वडिलांनी लगेच फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “दाजी, रिकाम्या कॅरेटचं वजन धरलंय का?” धरलं नव्हतं. वडिलांची चांगलीच फजिती झाली. निव्वळ वजन आणि ढोबळ वजन यातला फरक मुलीला त्यानंतर कुणी शिकवावा लागला नाही.

हाताच्या कामातून शिकवायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली ती हीच. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली होती. पण तिथं शिकवणारी माणसं दिवसभर तेच काम करत होती. इथं एकटी आई आहे, आणि भाकरीही तिनंच करायची आहे.

जे जमत नाही

इंग्रजी जमत नाही. आईचंच कच्चं आहे. मुलगी इंग्रजी वाचते, पण बोलायची वेळ आली की गप्प. विज्ञानात विळ्याचा प्रयोग झाला, पण सूक्ष्मदर्शक तिनं अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. हिंदी टीव्हीवरून येते तेवढी.

आणि मैत्रिणी. वस्तीवर तिच्या वयाच्या तिघी, तिघीही गावातल्या हायस्कूलला. त्या साडेपाचला येतात तोवर ही वाटेकडं डोळे लावून. त्यांच्या बोलण्यात कबड्डीची टीम, स्नेहसंमेलन, कुठल्या मॅडम कशा बोलतात. हिच्याकडं सांगायला डाळिंबाची झाडं. शहरात घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक एकमेकांना भेटतात, मुलं एकत्र येतात, सहली काढतात. सांगोल्याच्या वस्तीवर असा दुसरा पालक शोधायचा कुठं?

मोबाईलवर फिरणाऱ्या यशोगाथांमध्ये हे येत नाही. त्यातली एक खरी आहे आणि ती बहुतेकांनी वाचलेली असेल. मुंबईच्या मालविका जोशीला आईनं सातवीच्या सुमारास शाळेतून काढलं, ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. बातमी फिरते ती एवढीच. त्याच बातमीतली दुसरी ओळ गावाकडच्या वाचकानं आधी वाचावी. आयआयटीचा दरवाजा तिला बंद होता, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. तीन पदकांच्या जोरावर तिला दुसरा दरवाजा सापडला. ज्याच्याकडं पदक नाही त्याला दहावी-बारावीचा कागद लागतोच.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि कलम १० प्रमाणं मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. घरी शिकवण्याला या कायद्यात वेगळी परवानगी लिहिलेली नाही. तसं करणाऱ्या पालकांना शिक्षाही त्यात लिहिलेली नाही. म्हणजे घरशाळेला ना मान्यता ना दंड. मधली वाट आहे.

पण शाळेच्या हजेरीपुस्तकात मधली वाट नसते. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं किंवा नावच न घातलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, आणि शिक्षकांना त्याचं सर्वेक्षण करावं लागतं. त्यामुळं २०२३ च्या पावसाळ्यात या घरी आधी गावातल्या हायस्कूलचे सर आले, मग ग्रामसेवक. ग्रामसेवक फक्त घरपट्टीचे साहेब नाहीत. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तेच असतात. त्यांनी सरळ विचारलं, लग्नाचं काही चाललंय का?

वडील चिडले. आईनं वह्या आणून पुढं ठेवल्या. ग्रामसेवक वह्या चाळत बसले, मग मुलीला बाहेर बोलावून तिच्याशीच बोलले. पडवीत, आईवडिलांना आत पाठवून. काय विचारलं ते मुलीनं नंतर सांगितलं. सकाळी उठून काय करतीस, काल काय वाचलंस, शाळेत जावंसं वाटतं का. वडिलांना तेव्हा तो अपमान वाटला होता. आता ते म्हणतात, “त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. न विचारता गेले असते तर चूक झाली असती.”

खरं तर घरी शिकणारी पोरगी आणि घरी बसवलेली पोरगी ओळखायला हेच प्रश्न पुरतात. तिचा वेळ कुणाच्या मालकीचा आहे? दिवसातले काही तास तरी असे आहेत का, की त्या वेळात घरातलं कुणी तिला कामाला लावू शकत नाही? वहीवर कालची तारीख आहे का? पुढच्या परीक्षेचं नाव आणि वर्ष तिला स्वतःला सांगता येतं का? ही उत्तरं नसतील तर त्या घरात शिक्षण चाललेलं नाही, मग आईबाप व्हिडिओ बघून काहीही म्हणोत. शेजाऱ्यांना असं घर दिसलं आणि लग्नाची कुजबुज कानावर आली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे.

कुजबुज इथंही झाली. याच वर्षी उन्हाळ्यात, मुलगी बाराची झाली तेव्हा, लग्नाला आलेल्या एका जवळच्या नातेवाईक बाईंनी आजीपाशी विषय काढला. पोरगी घरीच हाय न्हवं, मग मुलगा बघून ठेवायला काय हरकत? शाळेत जाणाऱ्या तिच्या मैत्रिणींबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळेचं दप्तर पाठीवर असणं ही सुद्धा पोरीला एक ढाल असते, हे आईवडिलांच्या तेव्हा लक्षात आलं. आजी, जी रोज शेळ्यांसाठी हाक मारते तीच आजी, त्या बाईंना म्हणाली, “तिचं आठवीचं पेपर हायती. ते झाल्यावर धाव्वीचं. तवर इषय काढू नगा.” आजी स्वतः तेराव्या वर्षी या घरात आली.

परीक्षा कुठून द्यायची

आजी म्हणाली ते आठवीचे पेपर कुठले, हे समजून घ्यायला हवं. रस्ते तीन आहेत.

पहिला राज्याचाच. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा घेतं. पाचवीसाठी वय दहा पूर्ण, आठवीसाठी तेरा पूर्ण लागतं. या मुलीचे तेरा पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण होतात, म्हणून बेत आठवीचा आहे.

दुसरा रस्ता केंद्राचा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथं लहान मुलांसाठी ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे तीन स्तर आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीला वय चौदा पूर्ण हवं. विषय किमान पाच, त्यात एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. संस्थेचं विभागीय केंद्र पुण्यात आहे.

तिसरा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. सतरा नंबर. राज्य मंडळाची नेहमीची दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची. यात फसगत होते ती तारखेची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी अर्ज आदल्या वर्षीच ऑनलाइन भरावा लागतो. हॉल तिकिटं वाटायला लागली की चौकशीला येणारे पालक दरवर्षी हात हलवत परत जातात. अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आधी कुठवर शिकलेलं असावं आणि वय किती, याच्याही अटी आहेत. त्या अर्ज भरून घेणाऱ्या शाळेत विचाराव्यात, सायबर कॅफेत नाही.

दाखल्याबद्दल थोडं जास्त. गावाकडं शाळेचा दाखला म्हणजे फक्त शिक्षणाचा कागद नाही. जन्मतारीख त्यावर, जात त्यावर. जातीच्या दाखल्याला, पुढं जात पडताळणीला, वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला तोच पुढं करावा लागतो. ज्या मुलानं शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्याच्या नावावर हा कागद तयारच होत नाही. या घरानं चौथीचा दाखला घेऊन ठेवलाय, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहिलीय. आधारवर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करायला तालुक्याला तीन हेलपाटे पडले. हे दहावीच्या अर्जाच्या आठवड्यात कळलं असतं तर?

घरी राहिल्यानं जे सुटतं तेही मोजायला पाहिजे. मोफत पुस्तकं, गणवेश, पोषण आहार सुटतो. शाळकरी मुलींचा एसटीचा मोफत पास सुटतो. नवोदयच्या परीक्षेला मान्यताप्राप्त शाळेतला पाचवीचा विद्यार्थी किंवा एनआयओएसचा ‘ब’ स्तरवाला चालतो, नुसता घरी शिकणारा नाही. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. गरीब घरानं शाळा सोडणं म्हणजे हे सगळं सोडणं. ज्या घरात शिकवायला माणूस नाही त्या घरानं तर हा विचार डोक्यातही आणू नये. या घरात आई डी.एड. आहे म्हणून एवढं तरी जमलं, आणि तरी इंग्रजी लंगडंच आहे.

परत फिरायचं असेल तर मात्र दार उघडं आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेनं वयाला साजेशा वर्गात घ्यायचं असतं, मागं पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. वर्ष सुरू झालंय किंवा दाखला यायला उशीर होतोय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सहावी ते आठवीत वयाप्रमाणं बसायला मात्र राज्यात पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर पाचवीतच बसवतात.

मुलीचं म्हणणं

हे सगळं आईवडिलांचं आणि कायद्याचं झालं. मुलीला विचारलं की ती आधी आईकडं बघते. आई उठून आत जाते. मग ती सांगते की तिला पुढच्या जूनमध्ये गावातल्या हायस्कूलला जायचंय. कबड्डी खेळायचीय. शिवाय तिथं सूक्ष्मदर्शक आहे, मैत्रिणीनं सांगितलंय, कांद्याची पापुद्री त्यातून विटांच्या भिंतीसारखी दिसते म्हणे. घरचा अभ्यास आवडत नाही असं नाही. “पण आईचं इंग्रजी माझ्याएवढंच हाय,” असं ती हळू आवाजात म्हणते.

आईला हे माहीत आहे. तिला ते लागलंय हेही दिसतं. मुक्त विद्यालयाची आठवी द्यायची आणि मग नववीला शाळा, की आठवीलाच शाळा, यावर घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात आठवीला जाऊ दे, एकदम नववीत गेली तर वर्गात एकटी पडेल. आई म्हणते आधी आठवीचा कागद हातात येऊ दे, मग शाळा कुठं पळून जातीय. हायस्कूलचे सर दोन वर्षांपूर्वी सर्वेक्षणाला आले होते तेच आहेत; वडील बाजारच्या दिवशी त्यांना भेटून आले. चौथीचा दाखला आणि जन्माचा दाखला घेऊन या, वयाप्रमाणं आठवीत बसवू, असं त्यांनी सांगितलंय.

प्रश्न राहतो तीन किलोमीटर रस्त्याचा. शाळेत नाव घातलं की एसटीचा पास मिळेल, पण सकाळची गाडी शाळा भरल्यावर येते. मुलीनं वहीत मांडून ठेवलंय : तीन मैत्रिणी सायकलनं पंचवीस मिनिटांत जातात, चौथी सायकल हवी. जुनी चालेल. या बहाराच्या पट्टीतून किती राहतात ते बघून घेऊ, असं वडील म्हणालेत. तोडणी सुरू झालीय, पहिली गाडी भरतीय. यंदा रिकाम्या कॅरेटचं वजन वहीच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.